तेरचं कापड भडोचलाच का जायचं?

आडवाटेवरचा:
'पेरिप्लस' नावाची पहिल्या शतकातली एक ग्रीक नोंदवही आहे. इजिप्तमधून इकडे ये-जा करणाऱ्या कुणा व्यापाऱ्यानं लिहिलेली, त्याचं नाव गाव काही उरलेलं नाही. दख्खनच्या आतल्या भागात त्याला दोन बाजारपेठा महत्त्वाच्या वाटतात. गुजरातेतल्या भडोच बंदराहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून अकीकासारखे दगड येतात. तगरहून पुष्कळसं साधं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि जांभळट रंगाचं कापड येतं. सगळं गाड्यांवर लादून, धड वाट नसलेल्या मुलखातून भडोचला उतरवतात.

तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. माझा प्रश्न साधा आहे. तेरहून पैठणमार्गे भडोच सरळ रेषेत मोजलं तरी पाचशे किलोमीटर. कोकणातली चौल आणि कल्याण ही बंदरं साडेतीनशेच्या आत. पुन्हा माल काय, तर साधं कापड, ज्यात गठ्ठ्यामागे सुटणार किती? तो महिनाभर बैलांमागे हाकत भडोचलाच का न्यायचा? जाणकारांनी लिहावं. अंदाजपंचेही चालेल, फक्त अंदाज आहे असं म्हणा.

खडीसाखर:
वाचतेय. वाचनखूण साठवली आहे.

टवाळ_टोणगा:
भडोचचे खारे शेंगदाणे खायला जात असतील. विषय संपला.

सांगोपांग:
टोणगेराव, शेंगदाणा अमेरिकेतून आला, पोर्तुगीज वगैरे मंडळींच्या पाठोपाठ. सातवाहनांच्या गाडीवानाला दीड हजार वर्षं थांबावं लागलं असतं.

आता धाग्याविषयी. उत्तर त्याच नोंदवहीत आहे, लगेच पुढे. कल्याण हे 'थोरल्या सारगन'च्या काळात रीतसर बंदर होतं, पण ते सँडनीसच्या हाती गेल्यापासून तिथला व्यापार अडवला गेलाय, चुकून ग्रीक जहाज तिकडे लागलंच तर पहारा बसवून त्याला भडोचला नेतात, असं लेखक स्पष्ट लिहितो. सारगन म्हणजे सातकर्णी हे बहुतेकांना मान्य आहे. सँडनीस कोण यावर अजून हाणामारी चालू आहे. पण भडोच तेव्हा क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाकडे होतं आणि त्याचं सातवाहनांशी वैर होतं, यात शंका नाही. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांवर नाणी, सगळी मुळात नहपानाची, आणि त्यातल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा छाप मारलेला. हरवलेल्या शत्रूचा चेहराच बुजवून टाकला.

म्हणजे कल्याणची नाकेबंदी होती, म्हणून भडोच. माझ्या मते यापलीकडे कोडं नाही.

आडवाटेवरचा:
ते वाचलंय हो. पण नाकेबंदी कल्याणची होती. चौलचं काय? तोच लेखक चौलचं नाव बंदरांच्या यादीत देतो, सोपाऱ्याचंही देतो.

बैलगाडी:
मी शेतकरी माणूस, नाणी-बिणी कळत नाहीत. पण गाडीचा हिशेब कळतो. पैठण ते भडोच सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटर, वीस दिवस. पैठण ते तेर दीडशे, दहा दिवस. म्हणजे रोजचे पंधरा ते अठरा. वाट काही सरळ रेषेत जात नाही, नदीचा उतार शोधत, घाट टाळत वळसे घेतेच. प्रत्यक्षात रोजचे सहा-सात कोस धरा. भरलेल्या गाडीला हे अगदी बरोबर बसतं. सकाळी उन्हं चढायच्या आत चालायचं, दुपारी जू उतरवायचं, बैल चारायचे, पुन्हा कलत्या उन्हात थोडं. यापेक्षा जास्त पळवलंत तर आठव्या दिवशी बैल बसतो.

आणि निघायचं कधी तेही ठरलेलंच. काळं रान आहे. पावसाळ्यात आखापर्यंत चाक जातं. दसऱ्याच्या आधी लांबच्या वाटेला गाडी जुंपणारा माणूस एकतर येडा, नाहीतर सावकाराच्या तावडीतला. दसरा झाला की वाट वाळते आणि वाटेत चाराही असतो.

सांगोपांग:
बैलगाडीकाका, हे झकास. इजिप्तची जहाजं जुलैच्या सुमारास निघत, नैऋत्येचा वारा पकडून इकडे येत. परतीला ईशान्येचा वारा लागतो. दक्षिणेतल्या बंदरांबद्दल रोमन लेखक प्लिनी सांगतो की परतीची जहाजं डिसेंबरात किंवा जानेवारीच्या सुरुवातीला सुटत. दसऱ्यानंतर निघालेली गाडी कार्तिकात भडोचला पोचली तर वेळेत झालं की.

तेरणाकाठ:
गावाचं नाव दिसलं म्हणून लॉगिन झालो. आमच्याकडं जुन्या वस्तीच्या टेकाडांना पांढर म्हणतात. तेरला अशा पांढरी गावाच्या अंगालाच आहेत. पहिला वळीव पडून गेला की माती धुऊन निघते आणि मणी, खापरं, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे वर येतात. रामलिंगप्पा लामतुरे यांनी हे सगळं आयुष्यभर जमवलं, गावातल्यांकडून घेतलं, राखलं. आज त्यांच्या नावानं सरकारी संग्रहालय उभं आहे ते त्या संग्रहावर.

तिथं जाणाऱ्यानं मातीच्या बाहुल्या नीट बघाव्यात. दुहेरी साच्यातल्या आहेत, पुढचा अर्धा वेगळा, मागचा वेगळा, मधे सांधा. पांढऱ्या मातीच्या. केसांची रचना, कानातलं, कमरेची मेखला इतकी बारीक की साचा कोरणाऱ्याचा हात कळतो. काहींच्या बाजूला जोडाची रेघ बोटाला लागेल एवढी राहिलीय, घाईनं पुसायची राहून गेलेली. बाजारचा माल होता तो, एकेक करून घडवलेला नाही.

मुशाफिर_७१:
आणि हस्तिदंताची बाई! तिला कसं विसरलात? पाँपेईत १९३८ मध्ये जी हस्तिदंती मूर्ती मिळाली, तिची सख्खी बहीण तेरच्या संग्रहालयात आहे. पाँपेई इ.स. ७९ मध्ये राखेखाली गेलं, म्हणजे त्याच्या आधी तेरचा हस्तिदंत इटलीत पोचला होता. याहून मोठा पुरावा काय हवा?

सांगोपांग:
थोडं सबुरीनं. बहीण आहे हे खरं, पण माहेर एकच हे सिद्ध नाही. तशाच मूर्तीचा तुकडा भोकरदनलाही मिळालाय. आणि पाँपेईच्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षर कोरलेलं आहे. खरोष्ठी वायव्येची लिपी, तेरला ती कोण वापरणार?

मुशाफिर_७१:
अक्षर वाटेतल्या व्यापाऱ्यानं कोरलं असेल. गोदामात आपल्या मालावर खूण करतात तसं. भडोचला वायव्येकडची माणसं होतीच, तिथे मिनँडर आणि अपोलोडोटस या ग्रीक राजांची जुनी नाणी अजून चालतात असं तुमचीच नोंदवही सांगते. मी माझ्या मतावर ठाम आहे.

टवाळ_टोणगा:
कापडाचा धागा आहे, उसवू नका.

सूतकताई:
कापडाकडे येते. सोलापूरची, घरात तीन पिढ्या माग होता. मूळ लेखात "साधं कापड, ज्यात सुटणार किती" असं म्हटलंय, तिथेच मला थांबावंसं वाटलं. साधं कापडच पोट भरतं. भारी साडी वर्षात चार विकल्या जातात, त्यातही गिऱ्हाईक घासाघीस करतं. जाडाभरडा पंचा, चादर, खादीसारखं कापड रोज विकलं जातं आणि त्याला कारागीरही कुणी मोठा लागत नाही. घरातली बाई सूत कातते, पोरगं कांड्या भरतं, म्हातारा खळ देतो, जो धडधाकट आहे तो धोटा मारतो. आख्खं घर राबतं. तेरसारख्या गावात कपाशीचं काळं रान आणि अशी शे-दोनशे घरं असली की माल तुंबतो. तो गावात खपत नाही, पैठणला खपत नाही, कारण तिथेही विणकर आहेतच. मग लांब न्यावाच लागतो.

आणि "चिल्लर माल लांब का नेला" याचं उत्तर गाडीत आहे. रत्नं कमरेच्या कशात बसतात, ती एकटा माणूस घाटातून उतरवतो. कापड जागा खातं. त्याला गाडी हवी, गाडीला गाडीवाट हवी.

आडवाटेवरचा:
सूतकताई ताई, हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. म्हणजे प्रश्न अंतराचा नाही, उताराचा?

सह्याद्रीवेडा:
हेच लिहायला आलो होतो. नाणेघाट ज्यांनी चढलाय त्यांना सांगायला नको. वर गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख, तोंडाशी दगडी रांजण, ज्यात जकात टाकायचे असं सांगतात. आणि खाली? दगडांचा उभा जिना. तिथून बैलगाडी उतरवायची कल्पना करा. पाठीवर गोणी लादलेला बैल उतरतो, गाढव उतरतं, गाडी नाही. कल्याणला जायचं तर माथ्यावर गाडी सोडायची, माल पाठीवर घ्यायचा, खाली पुन्हा दुसऱ्या गाडीत. दोनदा हमाली, दोनदा मोजदाद, दोनदा चोरीची भीती, आणि वर रांजण आहेच.

भडोचच्या वाटेला असा कडा नाही. पठारावरून खानदेशात उतरावं लागतं, पण ते उतार गाडीला जमण्यासारखे आहेत. पुढे तापीच्या खोऱ्यानं सरळ.

सांगोपांग:
पूर्ण सहमत नाही. लाकूडफाटा, धान्य, मीठ हे सगळं शतकानुशतकं बैलांच्या पाठीवरून घाट चढलं-उतरलं. लमाणांचे तांडे काय करत होते? कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट गावच्या यवनांनी (म्हणजे ग्रीकांनी) खांब दान दिलेत, कान्हेरीत कल्याणच्या व्यापाऱ्यांचे लेख आहेत. घाटवाटांवर पैसा होता म्हणून तर लेणी तिथे आहेत. घाट अडचण असती तर जुन्नर उभं राहिलं नसतं.

सह्याद्रीवेडा:
जुन्नर घाटाच्या तोंडाशी आहे. तेरहून जुन्नरच अडीचशे किलोमीटर. जुन्नरच्या व्यापाऱ्याला जे परवडतं ते तेरच्याला परवडेलच असं नाही.

व्याजदर:
बँकेतून निवृत्त. माझं इतिहासाशी नातं एका लेखापुरतं, पण तो लेख असा की नोकरीत असताना तो टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. नाशिकची लेणी क्रमांक १०, नहपानाचा जावई उषवदात याचा. वर्ष ४२. त्यानं भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेव ठेवली, आणि कुणाकडे? नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे. दोन हजार एका श्रेणीत, दरमहा शेकडा एक व्याजानं. हजार दुसरीत, दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज खायचं, असंही लिहिलंय.

आता हिशेब करा. दोन हजारांचं महिन्याचं व्याज वीस, वर्षाचं दोनशे चाळीस. लेख म्हणतो वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. विसा बारे दोनशे चाळीस. कार्षापणाचाही फरक नाही! दगडावर कोरण्याआधी कुणीतरी बसून आकडेमोड केली होती.

यातून मला जे दिसतं ते असं. विणकर म्हणजे गरीब बिचारा हे चित्र निदान गोवर्धनपुरतं खरं नाही. राजाचा जावई ज्यांच्याकडे कायमची ठेव ठेवतो, त्या लोकांची पत मोठी. आणि दोन श्रेणींचे दर वेगळे, म्हणजे जी पाऊण टक्का देत होती तिची पत जास्त असावी. आमच्याकडेही असंच होतं, ज्याला पैशाची निकड तो जास्त व्याज देतो.

खडीसाखर:
व्याजदर काका, हे भन्नाट आहे. स्वतंत्र धागा काढा ना.

सूतकताई:
काका, श्रेणीची पत आणि विणकराची पत वेगळी. आमच्याकडेही सोसायटीची इमारत दुमजली होती. मागावर बसणाऱ्याच्या घराला पत्रा. लेखात पैसे श्रेणीला मिळाले, धोटा मारणाऱ्याला काय मिळालं ते कुठल्याच दगडावर नाही.

व्याजदर:
ताई, मुद्दा मान्य नाही, पण खोडायला पुरावाही नाही. :)

शंकासुर:
माझा मूळ प्रश्न वेगळा. तगर म्हणजे तेर हे कशावरून? जुन्या पुस्तकात देवगिरी वाचलं होतं, कुठे जुन्नरही.

सांगोपांग:
तसे बरेच उमेदवार होते. १९०१ मध्ये फ्लीट या अभ्यासकानं तेरच्या बाजूनं लिहिलं आणि तेव्हापासून ते टिकलंय. नाव जुळतं, पैठणपासूनचं अंतर जुळतं (वर बैलगाडीकाकांनी तोच हिशेब मांडलाय, फ्लीटला न विचारता), आणि नंतर १९५८ मध्ये चापेकरांनी उत्खनन केलं त्यात सातवाहन काळाची भरगच्च वस्ती निघाली. कोकण आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर', म्हणजे तगरचे स्वामी, म्हणवून घेत. राज्य भलतीकडे, पण मूळ गावाचा तोरा सुटत नाही. पुण्यात राहून "आम्ही मूळचे अमुकचे" सांगणारे आपण त्यांचेच वारस.

तेरणाकाठ:
तोरा असायलाच पाहिजे. तुम्ही त्रिविक्रमाचं देऊळ बघितलंय का? विटांचं, मागून गोल, हत्तीच्या पाठीसारखं. मूळचं बौद्ध चैत्य असावं असं जाणकार म्हणतात. आत आता त्रिविक्रम उभा आहे. गावात कुणाला त्यात वावगं वाटत नाही. हात जोडतात, पुढं जातात.

टवाळ_टोणगा:
तेर म्हटलं की गोरोबाकाका. एवढा वेळ कुणी नाव घेतलं नाही, थापटी घेऊन येतील आणि एकेका प्रतिसादावर मारून बघतील, कच्चा कोण ते. मी नामदेवांच्या शेजारी जाऊन बसतो.

खडीसाखर:
हाहाहा. टोणग्याला थापटीची गरज नाही, आवाजावरूनच कळतं.

तेरणाकाठ:
गोरोबाकाका तेराव्या-चौदाव्या शतकातले, धाग्यातल्या बाजारानंतर हजारेक वर्षांनी. पण सातवाहन थरातल्या बाहुल्या, दिवे, मडकी बघा आणि मग काकांची समाधी बघा. नदीकाठची माती तीच. व्यापार गेला, कुंभार राहिले.

बैलगाडी:
एक विचारू का? सगळे जातानाचं बोलताय. येताना गाडी रिकामी यायची काय? रिकामी गाडी महिनाभर हाकली तर जातानाचा सगळा नफा बैलांच्या पोटात जातो. कुठलाही गाडीवाला परतीचं भाडं बघूनच बाजार ठरवतो. आजही मोंढ्यात सोयाबीन टाकायला गेलेला टेम्पो रिकामा परत येत नाही.

आडवाटेवरचा:
काका, हाच प्रश्न मी मुळात विचारायला हवा होता! भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी नोंदवहीत आहे. मद्य (इटलीचं जास्त पसंत), तांबं, कथील, शिसं, पोवळं, कच्ची काच, सुरमा, मनशीळ, शिवाय सोन्या-चांदीची रोमन नाणी, जी बदलून घेण्यात फायदा होता. राजासाठी चांदीची भांडी, गाणारी मुलं, देखण्या दासी, उंची मद्य. राजाचं राजाला. गाडीवानाच्या कामाचं यातलं काय?

सांगोपांग:
शिसं! सातवाहनांची नाणी मोठ्या प्रमाणावर शिशाची आहेत. तेरलाही सापडतात. आणि रोमन मद्यकुंभांची खापरंही तेरला मिळाली आहेत, म्हणजे बुधले तिथवर पोचत होते.

सूतकताई:
जाताना हलका फुगीर माल, येताना जड माल. गाडीवाल्याला आणखी काय हवं?

सह्याद्रीवेडा:
आणि ती यादी ज्या बंदराची आहे ते भडोच. जिथे जहाजं जास्त, तिथेच परतीचा माल जास्त. चौल जवळ असेल, पण तिथे गाडीभर तांबं-शिसं हमखास मिळेल याची खात्री कोण देणार? शिवाय मिळालं तरी ते घाट चढवायचं.

सांगोपांग:
हे घाटाचं तुम्ही सोडणार नाही. :) पण परतीच्या मालाचा मुद्दा मला नाकेबंदीइतकाच वजनदार वाटतोय. एक भर घालतो. त्याच नोंदवहीत असंही आहे की किनारपट्टीच्या भागातला माल तगरला येऊन पुढे जायचा. हा किनारा पूर्वेचा, म्हणजे आंध्राचा, असं बरेच अभ्यासक मानतात. तसं असेल तर तेर हे नुसतं विणकरांचं गाव नाही, पूर्वेकडून येणाऱ्या वाटेवरचं नाकं आहे. तिथला आडत्या आधीच पैठण-भडोच रस्त्याला जोडलेला. गावातल्या कापडाला वेगळी वाट शोधायची गरजच काय, चालू तांड्यात चार गाड्या जोडायच्या. एकट्यानं चौलच्या वाटेला लागण्यापेक्षा तांड्यात राहणं सुरक्षितही.

शंकासुर:
मग कल्याण बंद होण्याआधी कापड कुठे जायचं?

सांगोपांग:
थोडं कल्याणला गेलंच असणार, थोरल्या सारगनाच्या काळात ते रीतसर बंदर होतं. नाकेबंदी झाल्यावर वाट नवी पडली नाही, आधीची मोठी वाट एकटी उरली.

सह्याद्रीवेडा:
वाट तपासायला हवी. उषवदातानं नाशिकच्या त्याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखात नद्यांवर फुकट नावा ठेवल्याचं लिहिलंय, इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा, दाहनुका. पार, दमण, डहाणू ओळखू येतात. पण ही सगळी सोपारा-भडोच किनाऱ्याची वाट झाली. पैठणकडून येणाऱ्या गाड्या तापी बऱ्याच वर ओलांडत असणार, तिथे उतार कुठे होता हे कुणी खानदेशवासी सांगेल का?

बैलगाडी:
दसऱ्यानंतर तापीला पाणी असतंच. गाडी उतारानं काढायची तर तळ खडकाळ पाहिजे, वाळूत चाक धरतं. खानदेशातल्या कुणी जुन्या माणसाला विचारा, गाड्या कुठून जायच्या ते. वाळूतनं नाही जायच्या, एवढं मी इथं बसून सांगतो.

अहिराणी_बोल:
शिरपूर तालुक्यातून लिहितोय. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून उद्या-परवा टाकतो. टोणगेरावांसाठी शेंगाही पाठवतो, आमच्याकडच्या, भडोचच्या नाहीत.